भाषण पाठ होतं, वाचता येत नव्हतं

मागच्या चौदा एप्रिलला माझ्या बहिणीच्या गावी बुद्धविहारात लहान मुलांची भाषणं होती. आमच्या उंद्रीपासून गाव जवळच आहे, चिखली तालुक्यातलंच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथल्या एकट्या गुरुजींना नोटीस जाईल, आणि दोष फिरून पोरांच्याच माथी बसेल.

माझी भाची त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा चौथीत होती. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. माइकसमोर उभी राहिली आणि एका दमात बाबासाहेबांचं सगळं चरित्र बोलून गेली. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, महाड, नागपूर. एक तारीख चुकली नाही. विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या बायांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. माझे डोळे भरून आले. पहिलं बक्षीस म्हणून तिला मुलांसाठी लिहिलेलं बाबासाहेबांचं एक पातळ चरित्र मिळालं.

जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "वाच बरं बाई, पहिलं पान."

तिनं पुस्तक उघडलं आणि गप्प बसली. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. "भी... म... रा... व..." पुढे 'जन्म' आला. जोडाक्षराशी ती थांबली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मामा, मले पाठ येते. वाचता नाही येत."

तासाभरापूर्वी जे वाक्य तिनं माइकवर खणखणीत म्हटलं होतं, तेच छापलेलं समोर असताना तिला ओळखू येत नव्हतं. बहिणीनं पंधरा दिवस रात्री मजुरीवरून आल्यावर एकेक ओळ म्हणून तिच्याकडून घोकून घेतली होती. मी घरातलं प्रगतिपुस्तक मागितलं. मराठी विषयात श्रेणी होती ब-१.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण टाळ्या कशाला वाजवल्या, हा प्रश्न सारखा डोक्यात येत होता.

माझं उंद्रीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं माझ्या हाताखालून जातं. कोणत्या रकान्यात काय लिहायचं हे मला झोपेतही सांगता येईल. पण जातीचा रकाना आणि शिक्षणाचा रकाना एका कागदावर कधी येतच नाहीत, हे माझ्या लक्षात यायला भाचीच्या त्या एका वाक्याची गरज पडली.

दोन दिवसांनी मी त्या शाळेत गेलो. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, भिंतीवर सावित्रीमाई आणि बाबासाहेबांचे फोटो. पहिली ते पाचवीचे वर्ग, पटावर सतरा पोरं, आणि शिकवायला एक गुरुजी. मुख्याध्यापकाचा प्रभारही त्यांच्याकडेच. दुसऱ्या गुरुजींची बदली होऊन तीन वर्षं झाली, जागा रिकामी आहे. मी गेलो तेव्हा ते मोबाइलवर खिचडीची माहिती भरत होते. पहिलीची पोरं पाटीवर रेघोट्या मारत होती, पाचवीची एक मुलगी तिसरीला पाढे म्हणायला लावत होती.

गुरुजी माणूस वाईट नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. भाचीचं सांगितलं तर मान खाली घातली. मग म्हणाले, "भाऊ, खरं सांगू का? चांगल्या घरची पोरं गेली चिखलीला, अमडापूरला. आता ही उरली."

'ही उरली' हे शब्द त्यांनी रागानं म्हटले नव्हते, तुच्छतेनंही नाही. एखाद्यानं पावसाची माहिती द्यावी तसे म्हटले. म्हणूनच ते मला जास्त लागले.

मी पट पाहायला मागितला. सतरांमध्ये बौद्ध सात, वडार चार, मातंग तीन, मराठा दोन, मुसलमान एक. गावात सगळ्यात जास्त घरं मराठा आणि माळी समाजाची आहेत. माळ्यांचं एकही पोर शाळेत नव्हतं. मराठ्यांची जी दोन होती, ती दोघं भावंडं, बाप वारलेला, आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी. म्हणजे ज्याच्याकडे पिवळ्या गाडीचं भाडं होतं तो गेला, ज्याच्याकडे नव्हतं तो राहिला. आणि कोणाकडे भाड्याचे पैसे असावेत आणि कोणाकडे नसावेत, हे आपल्या गावांत कुणी ठरवलं, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

गुरुजींची परवानगी घेऊन मी तिसरी ते पाचवीच्या नऊ पोरांना दुसरीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला दिला. एकेकाला बाजूला घेऊन, हसतखेळत, कुणाला लाज वाटणार नाही असा. तिघांनी धडा सरळ वाचला. दोघांनी शब्द शब्द तोडत वाचला. चौघं अक्षरांपाशीच अडले, त्यात माझी भाची.

आता इथे नीट लक्ष द्या. सरळ वाचणारे तिघं कोण? एक मातंगाची मुलगी, एक बौद्धाचा मुलगा, आणि त्या विधवा बाईचा थोरला पोरगा. मातंगाची मुलगी आणि विधवेचा पोरगा पाचवीतले. ते पहिली-दुसरीत असताना शाळेत दोन शिक्षक होते. तिसरा चौथीतला, त्याची आई दहावी झालेली, रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसते. आणि अक्षरांपाशी अडलेले चौघं? दोन वडारांची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, दसऱ्यानंतर गेली की होळीच्या आगेमागे परततात. एक पोरगं वीटभट्टीवरून आलेलं. आणि माझी भाची, जी पहिलीत असतानाच दुसरे गुरुजी गेले.

म्हणजे जातीनं कुणाला वाचता येत नाही, असं त्या शाळेत दिसलं नाही. शिक्षक असला की पोर वाचतं, वर्षभर शाळेत राहिलं की वाचतं, घरी कुणी घेऊन बसलं की वाचतं. नऊ पोरांवरून मी सगळ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढत नाही. पण 'ही उरली' या दोन शब्दांनी जे कारण सांगितलं जातं, ते खोटं आहे एवढं कळायला नऊ पोरं पुरतात. जातीचा रकाना पोराची अक्कल सांगत नाही. शासनानं आपला हात कुठून काढून घेतला, ते सांगतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

माझा मुलगा भाचीच्याच वयाचा. तोही तेव्हा चौथीतच होता, पण चिखलीच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. सकाळी पिवळी गाडी येते, टाय लावून जातो. त्याला गावातल्या शाळेतून काढलं तेव्हा दाखल्याची झेरॉक्स मीच माझ्या दुकानात काढली होती. आमच्या वस्तीतल्या, नोकरीतल्या नाहीतर माझ्यासारखा लहानसा धंदा करणाऱ्या बऱ्याच घरांनी तेच केलं. शाळेत मारामाऱ्या होतात, शिव्या शिकतात, शिक्षक कागदांत गुंतलेले, ही कारणं आम्ही एकमेकांना सांगितली. ती अगदीच खोटी नव्हती.

शाळेतून घरी आल्यावर मी तोच दुसरीचा धडा मुलासमोर ठेवला. तोही 'जन्म'सारख्या शब्दांपाशी अडखळला. म्हटलं, ठीक आहे, त्याचं माध्यम इंग्रजी. मग त्याचं इंग्रजीचं पुस्तक घेतलं. त्यानं एक परिच्छेद भराभर वाचला. याचा अर्थ काय रे, विचारलं तर म्हणाला, "पप्पा, मीनिंग टीचर लिहून देतात." म्हणजे भाचीला न वाचता पाठ येतं, आणि माझ्या मुलाला न समजता वाचता येतं. एकीचं फुकट, दुसऱ्याचं फी भरून.

मग मी फी भरून नेमकं काय विकत घेतलं? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचं तर, त्या सतरा पोरांपासूनचं अंतर विकत घेतलं. आणि ते अंतर विकत घेणारा मी एकटा नाही. रस्त्यावर मोर्चात 'सरकारी शाळा वाचवा' म्हणणाऱ्या आपल्यातल्या किती जणांची पोरं सरकारी शाळेत आहेत, हे आपण एकदा एकमेकांना विचारू या. मी विचारलं तेव्हा सगळे चप्पल शोधायला लागले.

मित्रहो, बाबासाहेबांनी हे रकाने कसे वाचले होते, ते आठवा. १२ मार्च १९२७ रोजी ते मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं त्याच्या अवघ्या आठ दिवस आधी. आपलं वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, पण ते भाषण आपल्याही पोरांचं आहे. त्यांनी सरकारी अहवालच हातात घेतला आणि जातवार आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे उन्नत हिंदूंची ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागास वर्गाची १८. लोकसंख्येत मागास वर्ग दुसऱ्या क्रमांकावर, आणि शिक्षणात शेवटी. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आकडा सांगितला, तो आपण फारसा सांगत नाही. शाळेत शिरणाऱ्या शंभर पोरांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत पाऊल टाकलेलं मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर प्राथमिक शिक्षणाचा हेतूच फसला, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज जवळजवळ शंभर वर्षांनी आपली पोरं चौथीपर्यंत पोहोचतात. माझी भाची पोहोचली. पटावर नाव आहे, पोषण आहार आहे, गणवेश आहे, ब-१ आहे. १९२७ सालची ८२ पोरं शाळेबाहेर पडून निरक्षर राहत होती, आताची शाळेत बसून राहतात. ही गळती कुठल्याच कागदावर दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक आहे. 'असर'चा २०२४ सालचा अहवाल सांगतो की देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्या वस्तीचा नाही. पण तिथून वर यायला शिकवणी, मोबाइल, शिकलेली आई, पिवळी गाडी, यातलं काहीच ज्याच्याकडे नाही, ते पोर शेवटी तळाशी राहतं. आणि ते कोणाचं असतं?

या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे आहे, पण दोन वेगळ्या कपाटांत. यू-डायसमध्ये प्रत्येक शाळेतल्या पोरांची जातवार संख्या भरली जाते. माझ्यासारखे लोकच ती माहिती भरायला मदत करतात. चाचण्यांचे गुण दुसऱ्या पोर्टलवर जातात. केंद्राचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०२१ साली झालं, त्यात सामाजिक गटानुसार निकाल होते. पण ते नमुना सर्वेक्षण. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या गावच्या शाळेचं कळत नाही. गावात मात्र ही दोन्ही कपाटं रोज तोंडी उघडली जातात आणि त्यांचा संबंध उलटा लावला जातो. 'शाळा का बिघडली? कारण आता ही पोरं उरली.' खरं तर आधी शाळेवरचा शिक्षक गेला, मग ऐपतीची पोरं गेली, आणि शेवटी राहिलेल्यांवर बिघाडाचं खापर फुटलं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे कुलूप. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीस किंवा त्यापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. हिशेब केला तर शाळेमागे बारा-तेरा पोरं आणि कागदावर दोन शिक्षक. माझ्या भाचीच्या शाळेतला दुसरा शिक्षक कुठल्या कागदावर आहे, ते शोधावं लागेल. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. प्रयोगशाळा असेल, क्रीडांगण असेल, जायला गाडी असेल. असेलही. पण आमच्या भागात पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की एसटीसुद्धा अलीकडे थांबते. वडाराच्या सात वर्षांच्या पोरीसाठी ती गाडी किती दिवस येईल? शिक्षण हक्क कायदा प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी म्हणतो, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो, तो उगाच नाही.

आणि गंमत पाहा. समूह शाळांची भाषा सुरू होऊन पाच महिने झाले नाहीत, तोच ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच राज्यानं अधिसूचना काढली की जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेनं दुर्बल आणि वंचित मुलांना २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. म्हणजे सप्टेंबरात म्हणायचं, लहान सरकारी शाळा चालवणं परवडत नाही. फेब्रुवारीत म्हणायचं, जवळ सरकारी शाळा आहे ना, मग तिकडेच जा. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली, हे बरं झालं. पण धोरण ठरवणाऱ्यांच्या मनात आपल्या पोरांची जागा कुठे आहे, ते त्या दोन कागदांनी सांगून टाकलं.

काही कार्यकर्ते मला म्हणाले, "शाळेचा जातवार निकाल मागू नका. आपलीच बदनामी होईल. तोच निकाल दाखवून शाळा बंद करतील." ही भीती खोटी नाही. अमेरिकेत २००१ च्या कायद्यापासून प्रत्येक सरकारी शाळेला, सरकारी पैशावर स्वतंत्र मंडळ चालवतं त्या चार्टर शाळेलासुद्धा, निकाल गटवार जाहीर करावे लागतात. काळी मुलं किती, गोरी किती, गरीब किती, आणि प्रत्येक गटाला वाचायला किती येतं. गट फारच लहान असेल तर मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात. शाळेच्या सरासरीच्या पदराआड काळ्या पोरांचं अपयश लपवायची सोय त्यानं कमी झाली. पण त्याच देशात २०१३ साली शिकागो शहरानं एका झटक्यात जवळपास पन्नास शाळा बंद केल्या. कारण दिलं कमी पटाचं, आणि त्या शाळांतली बहुसंख्य मुलं काळी होती. आकड्यानं न्यायही मागता येतो आणि कुलूपही लावता येतं. आकडा कोणाच्या हातात आहे, यावर ते ठरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आकडा आपल्या हातात घ्या. त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत, आणि वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. माझ्या बहिणीच्या गावात समितीचा अध्यक्ष कोण आहे, विचारलं. ज्याचा नातू केव्हाच चिखलीच्या शाळेत गेला, तो. सतरातली सात पोरं बौद्धांची आणि चार वडारांची, पण समितीत वडारांचं कुणी नाही, आणि बौद्धांची जी एक बाई आहे तिला आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हतं. तिनं एका कागदावर सही केली होती. ती बाई म्हणजे माझी बहीण.

यावर्षी आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या. पहिली, समितीच्या बैठकीला बायांनी स्वतः जायचं आणि दर महिन्याला एकच प्रश्न विचारायचा: किती पोरांना सरळ वाचता येतं? पोरांची नावं भिंतीवर लावायची नाहीत, फक्त संख्या. दुसरी, रिकाम्या जागेसाठी ठराव, त्यावर तारीख, आणि त्याची पोच. तोंडी सांगितलेलं कार्यालयात हवेत जातं, पोच असलेलं फायलीत राहतं. तिसरी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्याच्या आधीच करायची, आणि पोरांना आजीआजोबांजवळ गावात ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत द्यायची. फार मोठं काही नाही. दुसरे गुरुजी अजून आलेले नाहीत. वडारांची चारांपैकी दोन पोरं यंदा गावात राहिली, दोन गेली. गुरुजींनीही आमचा राग धरला नाही. उलट एकदा म्हणाले, "भाऊ, इतक्या वर्षांत पोरांच्या वाचण्याबद्दल विचारायला कोणी आलंच नव्हतं. सगळे खिचडीबद्दल विचारतात."

आणि चौथी गोष्ट आपल्या विहाराची. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय. भाचीला वाचता येत नाही याचा दोष शाळेचा आहेच, पण बहिणीनं त्या पंधरा रात्री पाठांतराला दिल्या, कारण विहारानं तिच्याकडे भाषण मागितलं होतं. आपण वाचन मागितलंच नव्हतं. जो माणूस रात्र रात्र वाचत बसायचा, त्याच्या जयंतीला आपण पोरांकडून पोपटपंची करून घेतो आणि टाळ्या वाजवतो. आमच्या बापजाद्यांच्या पिढीला पुस्तकाला हात लावायची मनाई होती, म्हणून त्यांनी ऐकून पाठ केलं. त्यांचं ते शहाणपण होतं. आपल्या पोरांच्या हातात पुस्तक आहे, तरी आपण त्यांना ऐकून पाठ करायला लावतो. याला काय म्हणायचं?

आता दर रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास वाचन असतं. कॉलेजात जाणारी दोन पोरं आणि मी, आलटूनपालटून. बौद्धांचीच पोरं नाही, वडारांची, मातंगांची, ती मराठ्यांची दोन भावंडंही येतात. सुरुवातीला काही ज्येष्ठ मंडळींनी नाक मुरडलं. पुढच्या चौदा एप्रिलला पाठ केलेली भाषणं बंद, प्रत्येक पोरानं माइकवर पुस्तकातलं एक पान वाचायचं, असा विषय मी बैठकीत काढला तेव्हा एक जण म्हणाले, "कार्यक्रम पडेल. पोरं अडखळतील, दुसऱ्या वस्तीतले लोक हसतील." मी म्हटलं, अडखळू द्या. कुठे अडखळतात ते तरी सगळ्या गावाला ऐकू येईल. अजून निर्णय झालेला नाही.

तुम्ही विचाराल, मग तुझा मुलगा? त्याला परत आणलंस का? नाही. अजून नाही. बायको म्हणते, आपल्या एका पोरानं शाळा सुधारणार आहे का, आणि नाही सुधारली तर त्याच्या वर्षांचं काय? माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नाही. रविवारी मी त्याला माझ्याबरोबर विहारात नेतो. तो आणि भाची शेजारी बसून एकाच पुस्तकातून वाचतात. एवढ्यानं माझं ओझं उतरत नाही, हे मला माहीत आहे. पण हे ओझं लपवून मी तुम्हाला शाळा वाचवायला सांगितलं असतं, तर ते पाठ केलेलं भाषणच झालं असतं.

मागच्या रविवारी भाचीनं तेच बक्षिसाचं पुस्तक आणलं होतं. पहिलं पान काढलं, बोट ठेवलं. 'भीमराव'पर्यंत सरळ आली. 'जन्म'पाशी थांबली. मी काही बोललो नाही. ओठांतल्या ओठांत तिनं तो शब्द दोनदा लावून पाहिला, मग मोठ्यानं म्हटला आणि पुढच्या ओळीवर गेली. तिथे 'महू' होतं. ते सोपं होतं.

तुमच्या गावच्या शाळेत पट किती, त्यात कोण कोण, आणि त्यातल्या किती जणांना वाचता येतं? या आठवड्यात जाऊन विचारा.

जयभीम.